उताराला पाऊण तास, चढाला सव्वा तास

ऱ्हाइन नदीवरच्या प्रवासी बोटींचं वेळापत्रक पहिल्यांदा हातात घेतलं की छपाईत चूक झाली आहे असंच वाटतं. बाखाराख नावाच्या गावाहून सांक्ट गोआरला जायला बोटीला साधारण पाऊण तास लागतो. सांक्ट गोआरहून बाखाराखला यायला मात्र सव्वा तासाच्या आसपास. गावं तीच, बोट तीच, मधलं पाणीही तेच. फरक एवढाच की ते पाणी वाहतं आहे, आणि चांगलं जोरात वाहतं आहे. जर्मन नावाडी प्रवाहाबरोबर जाण्याला ‘त्सू ताल’, म्हणजे दरीकडे, म्हणतात आणि प्रवाहाविरुद्ध जाण्याला ‘त्सू बेर्ग’, म्हणजे डोंगराकडे. वेळापत्रकातले तक्तेही अशाच दोन भागांत असतात. सपाट दिसणाऱ्या पाण्याला चढ-उतार आहे हे एकदा डोक्यात बसलं, की किल्ल्यांच्या या खोऱ्यातला एक दिवस कसा आखायचा याचं निम्मं उत्तर मिळालं.

स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये उगम पावून सुमारे १,२३० किलोमीटर वाहत नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळणारी ही नदी बहुतेक ठिकाणी रुंद, कामसू आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी आहे. अपवाद बिंगेन ते कोब्लेन्झ या टप्प्याचा. इथे स्लेटच्या दगडाचा डोंगराळ प्रदेश लाखो वर्षं हळूहळू वर उचलला जात होता आणि नदी त्याच वेळी आपला तळ कापत होती. डोंगर वर आला, पण नदीने वाट सोडली नाही. त्यातून तयार झालेली ही अरुंद, वळणांची घळ सुमारे ६५ किलोमीटरची आहे. युनेस्कोने २००२ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एवढ्या अंतरात चाळीसेक किल्ले, गढ्या आणि त्यांचे अवशेष आहेत. कोणत्याही वळणावर मान वर केली की एखादा बुरूज दिसतोच.

इतके किल्ले एका ठिकाणी का, याचं उत्तर शौर्यात कमी आणि हिशेबात जास्त सापडतं. मध्ययुगात माल हलवायचा तर रस्त्यापेक्षा नदी बरी होती. दारू, मीठ, लाकूड, कापड सगळं या घळीतून जायचं, कारण दुसरी सोयीची वाट नव्हती. आणि घळ अशी की नाव लपून जाऊ शकत नाही. माइन्त्स, ट्रिअर आणि कोलोन इथले आर्चबिशप आणि पॅलेटिनेटचा काउंट अशा चार बड्या सत्तांच्या हद्दी या पट्ट्यात एकमेकींना खेटून होत्या. जर्मन राजा निवडण्याचा मान ज्या सात जणांना होता त्यातले हे चार. प्रत्येकाला आपल्या वाट्याच्या पाण्यावर जकात हवी होती. जकातनाका म्हटला की तो राखायला शिबंदी आली, शिबंदीला गढी आली, आणि शेजाऱ्याने गढी बांधली म्हणून आपली त्याहून उंच आली. सांक्ट गोआरच्या वरचा ऱ्हाइनफेल्स किल्ला काट्झेनएल्नबोगेनच्या काउंटने १२४५ मध्ये बांधला. दहाच वर्षांत नदीकाठच्या व्यापारी शहरांनी एकत्र येऊन त्याला वेढा घातला. जकातीचा जाच हेच त्यामागचं मोठं कारण. किल्ला पडला नाही, जकात चालू राहिली.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की हे किल्ले नदीकडे तोंड करून बांधलेले आहेत. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे ते पाण्यातून येत होते. म्हणून किल्ल्यांची रांग नीट दिसते ती बोटीतूनच. रेल्वेतून ती तशी दिसत नाही, आणि ही गोष्ट नकाशा बघून लक्षात येत नाही. नदीच्या दोन्ही काठांना लोहमार्ग आहे. डाव्या काठाचा १८५९ मध्ये पुरा झाला, उजव्या काठाचा त्यानंतर दोन-तीन वर्षांत. दोन्ही डोंगराच्या पायथ्याशी, पाण्याला लागून. गाडीत बसल्यावर समोरच्या काठावरचे किल्ले दिसतात. ज्या काठावर आपण आहोत तिथले किल्ले मात्र थेट डोक्यावर असतात आणि गाडीच्या छपरामुळे दिसतच नाहीत. डाव्या काठाने गेलेला माणूस निम्मे किल्ले न बघता परत येतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हा माझा आराखडा असा: घळीचा जो भाग सर्वांत दाट आहे तो बोटीने, प्रवाहाबरोबर, एक किल्ला पायी, आतून, आणि बाकीचं अंतर रेल्वेने, जाताना एका काठाने आणि येताना दुसऱ्या. संबंध घळ बोटीने करण्याचा मोह टाळावा. कोब्लेन्झहून चढत बिंगेनसमोरच्या रुडेसहाइमपर्यंत जायला जवळजवळ सहा तास लागतात. तिसऱ्या तासाला माणूस किल्ल्यांकडे पाठ करून केक खायला बसतो. किल्ल्यांचाही वीट येतो.

मुक्काम फ्रँकफुर्ट किंवा माइन्त्सला असेल तर सकाळी डाव्या काठाच्या लोकल गाडीने बिंगेन गाठायचं. इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलो आहे. बिंगेनला दोन स्टेशनं आहेत. माइन्त्सकडून येताना आधी बिंगेन श्टाट लागतं, मग बिंगेन हौप्टबानहोफ. हौप्टबानहोफ म्हणजे मुख्य स्टेशन, तेव्हा मुख्य ते खरं, असा देशी हिशेब करून मी पहिल्या स्टेशनावर गाडीतच बसून राहिलो. बोटीचा धक्का श्टाट स्टेशनाच्या पुढ्यात, रूळ ओलांडला की लगेच. मुख्य स्टेशन तिथून दीड-दोन किलोमीटर पुढे. बॅग पाठीवर टाकून नदीकाठाने उलट धावत आलो तेव्हा बोट धक्का सोडून पाण्याच्या मध्यावर होती आणि वरच्या डेकवरच्या दोन बायका मला हात हलवत होत्या. पुढची बोट बऱ्याच वेळाने होती. नावांचा असाच घोटाळा पुढेही आहे: सांक्ट गोआर डाव्या काठावर आणि सांक्ट गोआर्सहाउझेन त्याच्या समोर उजव्या काठावर. तिकीट काढताना शेवटची अक्षरंही वाचावीत.

बोटी मुख्यतः के-डी या कंपनीच्या. तिची मुळं १८२६ पर्यंत जातात, म्हणजे या नदीवर वाफेची जहाजं नवीनच असताना. तिची ‘गोएथे’ ही १९१३ साली बांधलेली चाकांची बोट अजून याच पट्ट्यात चालते. पोटातलं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं आहे, पण कुशीतली दोन मोठी चाकं अजून पाणी उपसतात. बोटींचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. त्यातही सुरुवातीला आणि शेवटी फेऱ्या कमी असतात, म्हणून त्या वर्षाचं वेळापत्रक समोर ठेवूनच दिवस आखावा, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मावसभावाच्या सांगण्यावर नाही.

बिंगेन सुटलं की पाच-दहा मिनिटांत पाण्यातल्या बेटावर एक सडपातळ बुरूज येतो. हा उंदरांचा मनोरा. हात्तो नावाच्या लोभी बिशपने दुष्काळात गरिबांना कोठारात कोंडून जाळलं, मग उंदरांनी त्याचा पाठलाग करून त्याला या बुरुजात खाऊन टाकलं, अशी दंतकथा आहे. भाषेचे जाणकार म्हणतात की नाव उंदरांवरून नाही, जकातीच्या किंवा टेहळणीच्या जुन्या शब्दावरून आलं असावं. मला जकातीचं स्पष्टीकरण पटतं. लोकांनी जकात घेणाऱ्याला उंदरांच्या तोंडी देऊन आपला हिशेब चुकता केला असावा. याच जागी नदीच्या तळाशी कठीण गारगोटीच्या खडकाचा उंबरा होता. नावा त्यावर आपटून फुटत. सुरुंग लावून तो शतकानुशतकं थोडा थोडा फोडला गेला.

पुढे डाव्या काठावर ऱ्हाइनश्टाइन, राइखेनश्टाइन आणि झोनेक एकापाठोपाठ येतात. तिघेही दिसायला जुनेपुराणे, आणि तिघांचंही आजचं रूप बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातलं. इथे थोडं थांबायला हवं, कारण बोटीतल्या बहुतेकांची फसगत इथेच होते. खऱ्या मध्ययुगीन किल्ल्यांपैकी बहुतेक चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी १६८९ च्या आसपास जाळले किंवा सुरुंगाने उडवले. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि दरवाजे उडवले त्यामागचा विचारही हाच: किल्ला जिंकून भागत नाही, पुन्हा वापरता येणार नाही असा करायचा. सव्वाशे-दीडशे वर्षं हे अवशेष झाडीत पडून होते. मग कवी आणि चित्रकार आले. इंग्रज चित्रकार टर्नर १८१७ मध्ये इथे वह्या भरून गेला. त्यांच्या मागोमाग प्रशियाचे राजपुत्र आले आणि पडके किल्ले विकत घेऊन पुन्हा बांधू लागले. ऱ्हाइनश्टाइन १८२० च्या दशकात प्रिन्स फ्रीडरिशने उभारला, कोब्लेन्झजवळचा श्टोल्झेनफेल्स युवराजाने हाती घेतला आणि तो १८४२ पर्यंत पुरा झाला. तिथे तोफा नव्हत्या, दिवाणखाने होते. जर्मनमध्ये यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत, लढण्याचा तो ‘बुर्ग’ आणि राहण्याचा तो ‘श्लॉस’. आपल्या गड आणि वाड्यासारखे. इंग्रजीतल्या माहितीपत्रकांत दोघांनाही एकच शब्द वापरतात आणि सगळी गंमत जाते.

काठावर मोठ्या आकड्यांच्या पाट्या दिसतात, त्या सोडू नयेत. नदीचे किलोमीटर कॉन्स्टान्झ शहरातल्या पुलापासून शून्य धरून मोजलेले आहेत. बिंगेन ५२८ च्या पुढे, काउप ५४६, लोरेलायचा कडा ५५४, कोब्लेन्झ ५९१ च्या आसपास. मोबाइलचा नकाशा घळीत अधूनमधून दगा देतो. या पाट्या कधीच देत नाहीत. पुढचा किल्ला कितव्या किलोमीटरला हे कागदावर टिपून ठेवलं, तर कॅमेरा वेळेत बाहेर येतो.

काउपला तो टिपून ठेवलेला कागद कामी येतो. इथे नदीच्या मधोमध खडकावर फाल्त्सग्राफेनश्टाइन उभा आहे, पांढरा, पाच-सहा कोनांचा, टोकाशी नाळेसारखा निमुळता. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला ते टोक, पूर आणि बर्फाचे तुकडे फाटून दोन्ही अंगांनी जावेत म्हणून. लुडविग बव्हेरियन या राजाने १३२७ मध्ये इथे जकातीचा बुरूज बांधायला घेतला. हा किल्ला कुणाचं घर नव्हता, कुणाची राजधानी नव्हती. पाण्यातला शुद्ध जकातनाका. समोरच्या डोंगरावर गुटेनफेल्स, खाली काउप गाव आणि मध्ये हा, अशा तिठ्यात अडकलेल्या नावेने पैसे दिल्याशिवाय सुटायचं कसं? इथली वसुली १८६० च्या दशकापर्यंत चालू होती. ऱ्हाइनवरचं जहाज जकातीशिवाय जाऊ देण्याचा मानहाइमचा करार १८६८ चा. म्हणजे खालून काठाने रेल्वे धावू लागली तरी बेटावरचा नाका जिवंत होता. नववर्षाच्या रात्री, १८१४ उजाडताना, प्रशियन सेनापती ब्ल्यूखरने नेपोलियनच्या मागावर आपलं सैन्य याच बेटाच्या आधाराने नावांचा पूल टाकून पलीकडे नेलं.

काउपची दुसरी ओळख नावाड्यांना जास्त महत्त्वाची. इथल्या पाणीपातळीच्या मोजपट्टीवर अख्ख्या नदीची मालवाहतूक अवलंबून असते, कारण हा टप्पा उथळ आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टी २५ सेंटिमीटरवर आली होती. याचा अर्थ नदीत गुडघाभर पाणी होतं असा नाही. पट्टीचं शून्य तळाशी नाही, आणि जहाजांच्या वाटेत त्याहून मीटरभर जास्त खोली असते. पण मालाची जहाजं पाऊण रिकामी चालवावी लागली. उलट पट्टी ६४० वर गेली की पुरामुळे वाहतूक थांबते. प्रवाशाने एवढं करावं: भर उन्हाळ्यात किंवा मोठ्या पावसानंतर जायचं असेल तर आदल्या रात्री काउपचा आकडा बघावा. काही धक्के कमी पाण्यात गाळले जातात.

पुढच्या ओबरवेझेल गावानंतर घळ आवळत जाते. इथून सांक्ट गोआरपर्यंत काठावर जहाजांसाठी दिव्यांचे सिग्नल आहेत. वर चढणाऱ्या जहाजाला वळणाआडून खाली काय येतंय ते दिवे सांगतात, कारण उतरणारं लांबलचक जहाज ऐनवेळी थांबू शकत नाही. मग उजव्या हाताला लोरेलायचा कडा, पाण्यावर १३२ मीटर उभा. बोटीतलं संगीत बदलतं, सगळे माना वर करतात, आणि दिसतो तो एक काळपट खडक. माझ्या शेजारच्या काकूंनी ‘हेच का?’ असं अगदी मोठ्याने मराठीत विचारलं होतं. त्यांचा प्रश्न रास्त होता. खडकावर बसून केस विंचरत नावाड्यांना बुडवणारी सुंदरी आजीच्या गोष्टीइतकी जुनी वाटते, पण ती ब्रेंटानो या लेखकाने १८०१ मध्ये रचली, हाइनेने १८२४ मध्ये कवितेत अमर केली आणि झिल्शरने पुढे तिला चाल दिली. जुनं आहे ते धोक्याचं वळण. नदी इथे अरुंद होते, वळते आणि पंचवीस मीटरच्या आसपास खोल जाते. त्याखालचे भोवरे कोणत्याही सुंदरीपेक्षा खरे होते.

सांक्ट गोआरला उतरायचं. पाण्याबरोबर आलेली बोट धक्क्याला लागताना अनेकदा नदीतच गिरकी घेऊन तोंड प्रवाहाकडे करते; तशी धक्क्याला धरून ठेवणं सोपं जातं. ती गिरकी डेकवरूनच बघावी, जिन्यात गर्दी करण्यात अर्थ नाही. इथे जेवण करून दोन पर्याय. वरचा ऱ्हाइनफेल्स, फ्रेंचांनी १७९६-९७ मध्ये फोडलेला, अवाढव्य अवशेष. गडभटक्यांना तो आवडेल. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने मार्क्सबुर्गला जावं असं मी म्हणेन, कारण मध्य ऱ्हाइनच्या डोंगरांवरचा कधीही न पडलेला असा तो एकच किल्ला.

त्यासाठी नदी ओलांडायला हवी, आणि पूल नाही. माइन्त्स सोडल्यापासून कोब्लेन्झपर्यंत एकही पूल नाही. सगळी ये-जा तरींवर. गाड्या, सायकली, शाळेची पोरं घेऊन जाणारी तर पाचेक मिनिटांत सांक्ट गोआर्सहाउझेनला टेकते. वर काट्झ किल्ला, म्हणजे मांजर, आणि थोडं पुढे माउस, म्हणजे उंदीर. काट्झ हे काट्झेनएल्नबोगेन घराण्याच्या नावाचं आखूड रूप, आणि ट्रिअरच्या आर्चबिशपचा शेजारचा किल्ला कुचेष्टेने उंदीर झाला. उजव्या काठाच्या लोकलने मार्क्सबुर्गच्या पायथ्याचं ब्राउबाख वीस-पंचवीस मिनिटांवर. डावीकडच्या खिडकीशी बसा, बोपार्ड गावापाशी नदीचं मोठं वळण दिसतं. हा मार्ग मालगाड्यांचाही आहे आणि काठावरच्या लोकांची त्यांच्या आवाजाबद्दल वर्षानुवर्षांची तक्रार आहे. एक मालगाडी शेजारून गेली की ती तक्रार कळते.

स्टेशनपासून मार्क्सबुर्ग वीस-तीस मिनिटांची चढण. आत फक्त गाइडबरोबर सोडतात, इंग्रजी फेरी ठराविक वेळीच; सबंध दुपार त्या वेळेभोवती आखावी. १२३१ मध्ये पहिला उल्लेख असलेला हा किल्ला १९०० पासून जर्मन किल्ल्यांच्या संघटनेकडे आहे. दरवाजातून आत शिरल्यावर पायाखाली उघडा खडकच पायऱ्या म्हणून कोरलेला आहे, घोड्याला चढता येईल असा उतरता, आणि चामड्याच्या बुटांनी घासून गुळगुळीत झालेला. पावसात कठडा धरा. स्वयंपाकघरात भिंतभर चूल, वरच्या दालनात काचेच्या अगदी छोट्या खिडक्या. आणि जेवणाच्या दालनाच्या भिंतीतच एक छोटा दरवाजा: शौचकूप. भिंतीबाहेर लोंबणारी दगडी खोली, खाली भोक, त्याखाली डोंगर. दाराला कडी बाहेरून, म्हणजे दालनाच्या बाजूने. त्या भोकातून चढून आलेला शत्रू आतच कोंडला जावा म्हणून, असं गाइड सांगतात. रायगडावरचे शौचकूप आठवून आमच्या घोळक्यातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तटावरच्या तोफांच्या ओळीपाशी उभं राहिलं की नदी दोन्ही अंगांना दूरवर दिसते, आणि खालून जाणारं प्रत्येक जहाज मोजता येतं. किल्ला इथेच का, हे त्या जागी आपोआप समजतं.

तिकिटांचं थोडक्यात. बोटीचं वेगळं, रेल्वेचं वेगळं. जर्मनीत महिनाभर राहणाऱ्यांकडे डॉइचलांड-तिकीट असतंच. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं आणि नंतर महागलं. लोकल गाड्यांना ते चालतं, वेगवान आयसीई गाड्यांना नाही, बोटीला तर नाहीच. एका दिवसापुरते आलेल्या चार-पाच जणांना डाव्या काठासाठी राइनलँड-फाल्त्स राज्याचं तिकीट स्वस्त पडतं, पण आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं. नऊच्या बोटीचे बेत तिथेच मोडतात. दोन्ही काठांच्या लोहमार्गांची मोठी दुरुस्ती ठरलेली आहे, तेव्हा निघण्याआधी गाड्या खरंच धावताहेत ना हेही बघा.

ब्राउबाखहून कोब्लेन्झ पाव तासावर. तिथून डाव्या काठाने परत माइन्त्स. वेळ सूर्याकडे बघून निवडावी. संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून उजव्या काठावर पडतं, आणि डाव्या काठाच्या गाडीतून दिसतो तो उजवा काठच. सकाळी बोटीतून काळपट दिसलेला लोरेलाय आता तांबूस असतो. मधे डोंगर कापून काढलेले बोगदे लागतात. त्यांच्या तोंडांना रेल्वेवाल्यांनी खोटे बुरूज बांधले आहेत, शेजाऱ्यांशी बरोबरी म्हणून. बोगद्यातून बाहेर आलं की समोर काउपच्या बेटावरचा नाका, दिवे लागलेला. मग बाखाराखची तटबंदी, उंदरांचा मनोरा. बिंगेन हौप्टबानहोफवर गाडी थांबते तेव्हा दारापाशी बॅग घेऊन उभं असलेलं कुणीतरी हमखास उतरतं आणि फलाटावर इकडेतिकडे बघत राहतं.